बाहेरची कडी

राज्यं येतात नि जातात, नद्या पात्र सोडतात, देवळातले देवसुद्धा कधीमधी जागा बदलतात. पण तुरुंग जिथल्या तिथं उभा राहतो, कारण माणसाला माणूस कोंडायची गरज काही संपत नाही. हे महावाक्य आबा रोज सकाळी तुरुंगाच्या भिंतीला पाठ टेकून, चहाची बशी हातात धरून उच्चारत. बहुतेक वेळा ते पुरं व्हायच्या आत त्याच भिंतीचा एखादा पोपडा सुटून बशीत पडे. आबा तो बोटानं काढून टाकत, उरलेला चहा पीत आणि म्हणत, "चुनाच आहे. हाडांना चांगला."

आबा या तुरुंगाचे शेवटचे पहारेकरी. त्यांच्याआधी त्यांचे वडील. आबांचा मुलगा मात्र नेमका कसला पहारेकरी हे सांगणं जरा अवघड होतं, कारण तो कामाला लागला तेव्हा तुरुंगात कैदी नव्हते, पोती होती. तरी किल्ल्यांचा जुडगा कमरेला तोच लावी, म्हणून गाव त्याला किल्लेदार म्हणे. किल्ला नाही, फौज नाही, घरात एक बायको आणि एक म्हातारा. पण पदवी भारदस्त.

तुरुंग तसा चिमुकला. दगडी आवार, मधोमध विहीर, एका अंगाला ओळीनं सात कोठड्या आणि मोठ्या दरवाज्याच्या पोटात पहारेकऱ्याची खोली. कुण्या जुन्या राजवटीनं तो दरोडेखोरांसाठी बांधायला घेतला होता. बांधकाम इतकं रेंगाळलं की ते उरकेपर्यंत दरोडेखोर म्हातारे झाले, आणि त्यांच्यात जे धडधाकट उरले होते त्यांना राजवटीनं पहाऱ्यावर ठेवून घेतलं. आबांचे वडील त्यातलेच होते का, हा विषय घरात कुणी काढत नसे. पुढे राजवट बदलली आणि आधी जे कोंडत होते ते आत आले. मग तीही बदलली. मग भुरटे चोर, बांधावरून डोकी फोडणारे, चोरून दारू गाळणारे. शेवटी शहरात मोठा तुरुंग झाला आणि एका सकाळी उरलेसुरले कैदी गाडीत घालून नेले. आबा सांगत, त्यातला एक जण सारखा मागं वळून बघत होता. त्यानं विहिरीशी लावलेल्या भोपळ्याला आदल्याच दिवशी फूल आलं होतं.

त्यानंतर तुरुंगाचं धान्याचं कोठार झालं आणि उंदरांना जन्मठेप लागली. मग शाळेचं छप्पर उडालं म्हणून शाळा तिथं भरली. पोरांना फारसा फरक जाणवला नाही, मास्तरांना मात्र वर्गाला बाहेरून कडी असल्याची सोय फार आवडली. मग साथ आली, तेव्हा आजारी माणसं. मग मोकाट गुरांचा कोंडवाडा. आणि एका दुष्काळात उपाशी माणसांची छावणी. त्या वर्षी लोक आत घ्या म्हणून दरवाज्याशी रेटारेटी करत होते, आणि जन्मभर माणसं आत ठेवण्यासाठी काठी बाळगलेल्या आबांना ती पहिल्यांदा माणसं बाहेर ठेवण्यासाठी उगारावी लागली. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की छावणीचा विषय निघाला की ते उठून विहिरीकडे जात.

दर वेळी चुना मारला गेला आणि पाटी बदलली. दोनच गोष्टी बदलायच्या कुणाला सुचल्या नाहीत. एक म्हणजे पहारेकऱ्याची जागा. आणि दुसरी, दारांच्या कड्या. त्या होत्या तशाच राहिल्या: हातभर लांबीच्या, लोखंडी, बाहेरून. ओढली की खळ्ळ करून खोबणीत बसायची.

पहारेकऱ्याची खोलीही मुळात कोठडीच. तिला आतून कडी नव्हती, नुसतं दार लोटलं तर डोंगरावरचा वारा ते दिवसभर आपटायचा आणि शेळ्या आत शिरायच्या. म्हणून त्या घरात एक रीतच पडून गेली होती: शेवटी बाहेर पडेल त्यानं आतल्यांना कडी लावून जायचं. दुसऱ्यांच्या घरात निघताना "येतो हं" म्हणतात, या घरात आतला माणूस म्हणे, "तेवढी कडी ओढून जा." हाच निरोप, हीच माया. नियम एकच. ज्यानं कोंडलं त्यानं येऊन सोडायचं.

किल्लेदाराचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीनं नव्या नवरीला कोंडून कामाला गेला. तिनं दार बडवून बडवून हात सुजवून घेतले. पुढे ती सरावली. पाणवठ्यावर बायका आपापल्या सासरच्या कागाळ्या सांगू लागल्या की ती म्हणे, "तुम्ही सासर म्हणजे तुरुंग म्हणता. मला म्हणावं लागत नाही." आणि घरी येऊन स्वतःच नवऱ्याला म्हणे, "मी जरा पडते. तेवढी कडी ओढून जा."

आबांचं डोकं हल्ली हल्ली सैल झालं होतं. गेलेली माणसं त्यांच्याशी बोलत आणि समोरची कोण ते त्यांना विचारावं लागे. पण संध्याकाळी डोक्यावर टोपी घालून ते दारात उभे राहत आणि विचारत, "सगळे आत?" किल्लेदार म्हणे, "सगळे आत." मगच ते जेवायला बसत. दिवसा घरात कुणी नसलं तरी काळजी नसे. बाहेरून कडी असे, आत आबा असत, आणि दोघंही एकमेकांना ओळखून होते.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. गावातल्या विहिरींना तळ दिसला, मग तळाला भेगा दिसल्या. तुरुंगाच्या विहिरीत मात्र कोपऱ्यातल्या झऱ्याला बोटभर धार होती. किल्लेदाराची बायको पहाटे दोर सोडी, वाटीवाटीनं पोहरा भरायची वाट बघे आणि वर ओढी. दोराच्या घासण्यानं तिच्या तळहातांची कातडी टणक आणि पिवळी झाली होती. वैरण संपल्यावर शेळ्या विकल्या होत्या. आणि नेमकं याच वेळी सरकारला तुरुंगाची आठवण झाली.

आलेला साहेब तरणा, गोरागोमटा आणि बोलायला गोड होता. प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'वारसा' म्हणायचा, म्हणून तिसऱ्या दिवशी गावानं त्याचं बारसं केलं: वारसासाहेब. त्यानं सांगितलं, तुरुंगाचं संग्रहालय होणार, लोक लांबून तिकीट काढून बघायला येणार. गावातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आमच्या वेळी फुकट होता. आता काय वाढवलं आत?" वारसासाहेब मनापासून हसला. तो सगळ्याच गोष्टींना मनापासून हसे. त्यामुळे त्याच्यावर रागावता येत नसे.

किल्लेदारानं त्याला गाठून एवढंच विचारलं, की आमच्या खोलीचं काय. वारसासाहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, उद्घाटन नीट पार पडू दे, तुम्ही तर या जागेचा जिवंत वारसा, तुम्हाला चौकीदार म्हणून इथंच ठेवू. किल्लेदारानं घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोहऱ्याची गाठ बघत होती. म्हणाली, "जिवंत आहे तोवर ठेवतील म्हणजे."

"तसं नाही गं. शब्द दिलाय."

"आबांना इथनं हलवलं तर ते टिकायचे नाहीत. एवढं सांगितलंत का त्याला?"

किल्लेदारानं ते सांगितलं नव्हतं. वारसासाहेबासमोर असं काही बोलायला तोंड उघडलं की आधी खोकला यायचा.

खोकला होता तो चुन्याचा. ठेकेदारानं त्याला भिंती खरवडायच्या कामावर घेतलं होतं. कैद्यांनी भिंतींवर काय काय कोरून ठेवलं असेल ते वारसासाहेबाला उजेडात आणायचं होतं. किल्लेदार तोंडाला फडकं बांधी, पत्र्याची खरवडणी दोन्ही हातांत धरी आणि सकाळपासून भिंतीला भिडे. चुन्याचे पदर सालीसारखे सुटत. वरचा छावणीचा पदर, त्यात धुराची काजळी. त्याखाली कोंडवाड्याचा, कमरेच्या उंचीवर शिंगांनी ओरबाडलेला. त्याखाली औषधाचा वास अजून धरून राहिलेला पांढराफट्टक. त्याखाली शाळेचा निळा, त्यावर अर्धवट पुसलेले पाढे. त्याखाली डांबरानं लिहिलेलं 'पोत्यांवर बसू नये'. घाम गळ्याखाली उतरे, त्यात चुना मिसळे आणि मानेवर पुरळ येऊन आग आग होई. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. संध्याकाळी बायको त्यांत तेल भरी, आणि आबा ते पांढरे हात बघून म्हणत, "कैद्यांना चुना मारायला लावलास होय? बरं केलंस. रिकामा कैदी वाईट."

आबांचं तेवढं खरं निघालं. शेवटच्या पदराखाली नुसता दगड होता. सातही कोठड्यांत कैद्यांचं एक अक्षर सापडलं नाही. एक तर त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि दुसरं, दर वर्षी भिंती तेच रंगवत होते.

वारसासाहेबाचं तोंड पहिल्यांदाच उतरलं. ठेकेदार मात्र व्यवहारी माणूस. त्यानं किल्लेदाराच्या हातात एक मोठा खिळा दिला आणि तिसऱ्या कोठडीत नेलं. उभ्या रेघा ओढायच्या, चार झाल्या की पाचवी आडवी, दिवस मोजल्यासारख्या. खाली 'आई' असं लिहायचं. किल्लेदारानं आयुष्यात चोरी केली नव्हती की खोटी साक्ष दिली नव्हती. तो खिळा घेऊन उकिडवा बसला आणि जे कधी कोंडलेच गेले नाहीत त्यांचे दिवस कोरत राहिला. कोरता कोरता त्याला झिंग आली. 'आई' लिहिताना खिळा घसरला, त्यामुळे ते अक्षर फारच खरं वाटू लागलं. ठेकेदार म्हणाला, "वा. रडवशील लोकांना."

पुढच्याच आठवड्यात वारसासाहेब त्या अक्षरासमोर उभा राहिला. डोळे पुसून म्हणाला, वारसा म्हणजे हा. त्याला कुणी सांगितलं होतं की नव्हतं, हे किल्लेदाराला शेवटपर्यंत कळलं नाही.

पाट्या रंगल्या. दरवाज्यावर 'सोमवारी बंद' लागलं. आणि उद्घाटनाला मंत्री आले.

वाजंत्री होती, खुर्च्या होत्या, आणि दुष्काळामुळे फुलं मिळेनात म्हणून कागदाचे हार होते. किल्लेदाराला धुतलेला सदरा घालून, पाण्याच्या पेल्यांचं तबक देऊन कोठड्यांच्या बोळात उभं केलं होतं. खोलीत आबांना कोंडून बायको विहिरीवर पाहुण्यांसाठी पाणी ओढत होती. मंत्री एकेक कोठडी बघत तिसरीत आले. रेघा बघितल्या, 'आई' बघितलं. मग सर्वांना म्हणाले, मला इथं क्षणभर एकटं राहू द्या, त्या अनामिक माणसाचा एकांत अनुभवू द्या. असा अनुभव घेताना फोटो निघायला हवा, आणि तो मागच्या अंगणातून गजांच्या खिडकीतूनच चांगला येणार होता. म्हणून फोटोवाले तिकडे धावले, वारसासाहेब त्यांच्यामागे आणि बाकीचे वारसासाहेबामागे. बोळात शेवटचा राहिला किल्लेदार.

त्यानं तबक डाव्या हातावर घेतलं, दार ओढलं, आणि उजव्या हातानं कडी लावली. खळ्ळ.

त्यात त्याचा विचार काही नव्हता. आपण खाकरतो, डोकं खाजवतो, तसं ते झालं. आत माणूस आहे, आपण शेवटचे आहोत; मग कडी लावायची. त्याच्या बापानं तेच केलं असतं. तो सरळ आपल्या खोलीकडे गेला, कारण तबकात एक पेला उरला होता आणि आबांना तहान लागली असेल असं त्याला वाटलं.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. आत मंत्र्यांनी आधी दार ढकललं, मग बडवलं, मग खिडकीशी येऊन गज धरले आणि अंगणातल्या लोकांकडे बघून ओरडू लागले. वाजंत्रीत शब्द ऐकू येत नव्हते. फोटोवाले हरखून गेले. इतका जिवंत अभिनय त्यांनी कोणत्याच पुढाऱ्याचा पाहिला नव्हता. वारसासाहेब तर हात जोडून उभा होता. भाषणाची वेळ टळून बराच वेळ गेला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे छापून आला, खाली 'कैद्यांच्या वेदनेशी समरस' असं लिहून. गजांत अडकलेला तो चेहरा खरोखरच बघवत नव्हता.

मंत्री बाहेर आले ते हसत. घामानं भिजलेले, कागदी हाराचा रंग गळ्यावर उतरलेला, पण हसत. त्यांनी विचारलं, कडी कुणी लावली. किल्लेदार पुढे झाला. "मी, साहेब. आत माणूस होतं म्हणून." मंत्री आणखी हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, हाडाचा जेलर आहे. सगळे हसले. किल्लेदारही हसला. फक्त त्याची बायको हसली नाही. ती पोहरा हातात घेऊन विहिरीच्या काठावरून वारसासाहेबाकडे बघत होती, आणि वारसासाहेब हसत नव्हता.

आठवडा संपायच्या आत हुकूम आला. दरवाज्यातल्या खोलीत तिकीटघर होणार होतं. राहणाऱ्यांनी माळावरच्या नव्या खोल्यांत जावं. वारसासाहेबानं किल्लेदाराला पुन्हा पुन्हा सांगितलं की उद्घाटनाच्या दिवशीच्या प्रकाराशी याचा काडीचाही संबंध नाही. इतक्यांदा सांगितलं की किल्लेदाराची खात्रीच पटली. चौकीदाराची जागाही कुण्या दुसऱ्याला गेली होती. किल्लेदारानं कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. वारसासाहेबानं तो उचलून काचेच्या पेटीत ठेवला आणि शेजारी चिठ्ठी लावली: 'हात लावू नये'.

माळावर सिमेंटच्या खोल्यांची एक ओळ होती. झाड नाही, सावली नाही, नळ होते पण त्यांना पाणी नव्हतं. सामान हातगाडीवर गेलं आणि आबा त्याच हातगाडीवर, ट्रंकेवर बसून. वाटेत ते प्रत्येकाला सांगत होते की बदली झाली आहे, महिनाभरात परत येईन.

नव्या दाराला कडी होती, पण आतून. किल्लेदार तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. शेजारी राहणारा गवंडी म्हणाला, "आता सगळीकडे अशीच असते. ज्याची कडी त्याच्या हातात. स्वातंत्र्य आहे."

"बाहेरून लावता येत नाही का एखादी?"

"बाहेरून कशाला? तू काय बायकोला कोंडणार?"

गवंड्याला सांगून समजणार नव्हतं. किल्लेदारानं बाजारातून एक कडी आणली. पण दार पत्र्याचं, चौकट सिमेंटची. त्यात खिळा ठोकला की माती झडावी तसं सिमेंट झडे आणि खिळा हातात येई. मग तो संग्रहालयात गेला. कोठड्यांची दारं आता कायमची उघडी राहणार म्हणून काही कड्या काढून कोपऱ्यात रचल्या होत्या. खोबणीसकट एक मिळाली तर चौकट फोडून पक्की बसवता येईल, असं त्यानं वारसासाहेबाला सांगितलं. बोलताना खोकला आला, तो त्यानं दाबला आणि यावेळी पुढचंही सांगितलं: आबा दिवसा एकटे असतात, बाहेर पडले तर त्यांना वाट सापडायची नाही.

वारसासाहेब हळहळला. पण त्या कड्या ऐतिहासिक वस्तू होत्या. त्यानं समजावलं, "उद्या प्रत्येक जण मागेल."

"प्रत्येकाला कशाला लागेल, साहेब?"

यावर वारसासाहेब हसला, आणि बोलणं तिथंच मिटलं.

किल्लेदाराला रस्त्याच्या कामावर खडी फोडायचं काम लागलं. उजाडायच्या आत निघावं लागे. बायको उरलेली आवराआवर करून पाण्याला जाई. तुरुंगाची विहीरही आता संग्रहालयात गेली होती, पण तिकीटवाला तिला ओळखत होता. गर्दी व्हायच्या आत दोन हंडे भरून घ्या, एवढी त्यानं मुभा दिली होती. पूर्वी दारात असलेलं पाणी आता माळ उतरून, चढून आणायचं. जाताना ती पत्र्याच्या दाराला जुन्या लुगड्याची चिंधी बांधी, तिचं दुसरं टोक बाहेरच्या खिडकीच्या गजाला. आबा आतून म्हणत, "सूनबाई, तेवढी कडी ओढून जा." ती म्हणे, "ओढली हो, आबा." आणि चिंधीची आणखी एक गाठ मारी. खळ्ळ आवाज काही यायचा नाही. आबा तो यायची वाट बघत बसत.

किल्लेदार खडी फोडताना सारखा घराचा विचार करी. एकदा घण बोटावर बसला आणि नख काळं पडलं. मुकादम म्हणाला, "लक्ष कुठं असतं रे, किल्लेदार? किल्ल्या हरवल्या काय?" सगळी टोळी हसली. किल्लेदारानं बोट तोंडात घातलं. त्याला वाटलं, खरंच, एवढंच झालंय.

सोमवार आला. सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून विहीरही बंद. त्या दिवशी किल्लेदाराच्या बायकोलाही इतर बायकांसारखं पार नदीच्या कोरड्या पात्रात जावं लागे. वाळूत हातानं खड्डा उकरायचा, गढूळ पाणी झिरपायची वाट बघायची, फडक्यानं गाळून वाटीवाटीनं हंडा भरायचा. खड्ड्यापाशी रांग होती. तिचा नंबर लागेतो ऊन डोक्यावर आलं.

आबांनी कडीच्या आवाजाची वाट बघितली असणार. तो आला नाही तेव्हा त्यांनी दार ढकललं असणार. फटीतून हात घालून चिंधी सोडवणं त्यांना जड नव्हतं. जन्मभर त्यांनी गाठी तपासल्या होत्या. त्यांनी टोपी घातली आणि कामावर निघाले. माळावर येताना ज्यांना हातगाडीवर बसवून आणावं लागलं होतं ते आबा मधला सगळा उतार एकटे चालून, एकदाही वाट न चुकता तुरुंगाच्या दरवाज्याशी पोचले. दरवाजा बंद होता.

पुढे काय झालं ते किल्लेदाराला मंगळवारी कळलं. सोमवारी त्याला कळलं ते एवढंच, की मुकादमानं हाक मारली, आणि तो धावत गेला तेव्हा नदीवरून परतणारी बायको तुरुंगाच्या दरवाज्याशीच बसली होती. हंडा आडवा झाला होता आणि नदीवरून आणलेलं पाणी जमिनीत जिरून गेलं होतं. आबा भिंतीला पाठ टेकून बसले होते, रोज सकाळी बसत तसे. सावली केव्हाच भिंतीच्या पलीकडे गेली होती. टोपी डोक्यावर सरळ होती. उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघाली होती, दार ठोठावून. ओठांवर चुन्यासारखं पांढरं वाळलं होतं. किल्लेदारानं ते आपल्या सदऱ्यानं पुसलं.

मंगळवारी संग्रहालय उघडलं तेव्हा एक कुटुंब तिकीट काढायला आलं: नवरा, बायको, दोन मुलं. ते सोमवारीही आले होते, बंद बघून परत गेले होते. त्या बाईनं तिकीटवाल्याला विचारलं, कालचा तो म्हातारा आज नाही का बसवला? फार छान काम करतो म्हणे. टोपी काय, बसणं काय. मुलांनी त्याच्याबरोबर फोटो काढले तर जागचा हलला नाही, नुसतं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिनं मोबाइलवरचा फोटो दाखवला. दोन्ही बाजूंना हसणारी मुलं आणि मधे आबा, समोर बघत, तोंड जरासं उघडं.

काय म्हणत होता, तिकीटवाल्यानं विचारलं.

"आत घ्या, म्हणत होता," बाई म्हणाली. "अगदी खरं वाटत होतं हो."

तिकीटवाल्यानं हे माळावर येऊन किल्लेदाराला सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्यालाही ते एकट्याला पेलत नव्हतं. किल्लेदार ऐकून घेऊन म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "छावणीच्या वेळी लोक असंच म्हणायचे." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

माणूस मेला की अडलेल्या गोष्टी भराभर होतात. गवंडी न बोलावता आला. त्यानं चौकट फोडली, लोखंडाची पट्टी आत घातली, भरपूर सिमेंट लिंपलं आणि बाजारातून आणलेली ती कडी बाहेरून बसवून दिली. काम पक्कं झालं होतं. मग त्यानं कडी दोनदा लावून दाखवली. किल्लेदाराच्या बायकोनं मान हलवली.

किल्लेदार खडी फोडायला गेला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, मग मुकादमानं विचारायचंच सोडलं. तो खोलीत बसे. बायको पाण्याला जाताना जेवण झाकून ठेवी. परत येई तेव्हा ते तसंच असे. एकदा ती आली तेव्हा तो माळ अर्धा उतरला होता. कुठं चाललात म्हणून विचारलं तर म्हणाला, दार उघडं दिसलं म्हणून निघालो. पाय तुरुंगाकडेच होते. तिनं हंडा खाली ठेवला, त्याला दंडाला धरून परत आणलं, मग हंडा आणायला गेली. तोवर हंडा कुणीतरी नेला होता.

महिन्याभरानं वारसासाहेब आला. धूळ तुडवत, माळ चढून, घामाघूम होऊन. दुःखाला आला होता आणि ते दुःख खरं होतं. खोटं रडणारा तो माणूस नव्हता. बायको पाण्याला गेली होती, नेहमीप्रमाणे बाहेरून कडी लावून. ती वारसासाहेबानंच उघडली. किल्लेदारानं त्याला ट्रंकेवर बसवलं, आणि द्यायला पाणी नाही असं सांगितलं.

वारसासाहेब बराच वेळ बोलला. आबा म्हणजे नुसता माणूस नव्हता, एक युग होतं. राज्यं आली, राज्यं गेली, पण आबा त्या दरवाज्याशी अखेरपर्यंत उभे राहिले. किल्लेदाराला वाटलं, आता छतावरून पोपडा पडेल, म्हणून त्यानं वर बघितलं. छत सिमेंटचं होतं; काही पडलं नाही. वारसासाहेब म्हणाला, तिसऱ्या कोठडीत, त्या 'आई' अक्षराखाली, आबांचा मोठा फोटो लावायचा आहे. त्या कुटुंबानं तो फोटो मोठ्या मनानं दिला आहे. मुलं कापून काढता येतील. त्याखाली काचेच्या पेटीत आबांची टोपी ठेवायची. मिळेल का टोपी?

किल्लेदार उठला. टोपी दारामागच्या खिळ्याला होती. त्यानं ती काढली, आतल्या बाजूनं झटकली आणि वारसासाहेबाच्या हातात दिली. वारसासाहेब उठून उभा राहिला. त्यानं किल्लेदाराचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, तुमच्यासाठी मला काहीतरी करायचं आहे. नोकरी म्हणा, विहिरीच्या पाण्याचा पास म्हणा, जे असेल ते. मी आता नाही म्हणणार नाही. संकोच करू नका, मागा.

किल्लेदारानं खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, जमिनीकडे बघत. वारसासाहेब टोपी छातीशी धरून उभा होता. बाहेर वाऱ्यानं दार एकदा आपटलं, मग पुन्हा.

"हिला यायला वेळ आहे, साहेब," किल्लेदार म्हणाला. "जाताना तेवढी कडी ओढून जा."